'एल आग्वा'नं माझे तीन आठवडे खाल्ले

स्पॅनिश शिकायला निघालं की क्रियापदांची भीती सगळेच घालतात. माझी क्रियापदं सुरळीत पार पडली. अंक, वेळ, घरातली माणसं, बाजारहाट, सगळं पुण्यातल्या वर्गात चार महिन्यांत झालं. अडले ते 'पाणी' या एका शब्दावर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

स्पॅनिशमध्ये लिंगं दोनच. पुल्लिंगी नामाआधी 'एल', स्त्रीलिंगी नामाआधी 'ला'. तीन लिंगं सांभाळत मोठं झालेल्या मराठी माणसाला यात जड काय? आमच्या पुस्तकाच्या शब्दयादीत 'एल आग्वा' छापलं होतं, म्हणून मी वहीत ते निळ्या शाईनं उतरवलं. निळी पुल्लिंगी, लाल स्त्रीलिंगी, अशी माझी पद्धत. मग निबंधात थंड पाण्याला 'एल आग्वा फ्रिओ' लिहिलं. 'फ्रिओ'भोवती गोल, वर दुरुस्ती 'फ्रीआ'. म्हणजे शब्द स्त्रीलिंगी तर! पुढच्या वेळी 'ला आग्वा फ्रीआ' लिहिलं. आता गोल 'ला'भोवती. विचारलं तर उत्तर मिळालं, "अपवाद आहे, पाठ करा." मोबाइलवरचं ॲपही चूक तेवढी दाखवायचं, कारण नाही. तीन आठवडे मी प्रत्येक वाक्यात अंदाज करत होते. 'खूप पाणी' म्हणजे 'मुचो आग्वा' की 'मुचा आग्वा'? पाण्याचं वाक्यच टाळायला लागले.

मला चीड याची आहे की हा अपवाद नाहीच. साधा नियम आहे आणि तो पाच मिनिटांत सांगता येतो. आग्वा पूर्ण स्त्रीलिंगी आहे. लॅटिनमधल्या 'इल्ला'चं ('ती') जुन्या स्पॅनिशमध्ये 'एला' झालं, त्याचाच आजचा 'ला'. 'एला आग्वा' म्हणताना दोन 'आ' एकमेकांना भिडले आणि एक गिळला गेला. उरलं 'एल आग्वा'. विद्या अधिक आलय म्हणजे विद्यालय, ही संधी आपण शाळेत शिकलो, तसंच काहीसं. म्हणजे हा 'एल' दिसायला पुल्लिंगी, पण मुळात शेपूट तुटलेला स्त्रीलिंगी. म्हणून विशेषण स्त्रीलिंगीच राहतं: एल आग्वा फ्रीआ, मुचा आग्वा. मध्ये दुसरा शब्द आला की 'ला' परत येतो: ला मिस्मा आग्वा, तेच पाणी. अनेकवचनात 'लास आग्वास'.

अट एवढीच की सुरुवातीच्या 'आ'वर आघात, म्हणजे उच्चारताना जोर, हवा. 'ला आमिगा' (मैत्रीण) किंवा 'ला आरेना' (वाळू) यांत आघात पुढच्या अक्षरावर आहे, म्हणून 'ला' जागेवर राहतो. मराठीत आघातानं आधीचा शब्द-बिब्द काही बदलत नाही, त्यामुळे कान बसायला वेळ लागतो. शब्द मोठ्यानं म्हणून पाहा.

हे मला खरं पटलं ते व्हॅलेन्सियात, एका बारच्या काउंटरवर. मी म्हटलं, "उन आग्वा, पोर फावोर." बाटली काढता काढता त्या माणसानं विचारलं, "फ्रीआ ओ देल तिएम्पो?" थंड की साधं? मी म्हटलेला 'उन' ('एक', हाही दिसायला पुल्लिंगी) आणि त्याचा 'फ्रीआ' एकाच पाण्याचे होते, आणि त्याला त्यात काही अडल्यासारखं वाटलंच नाही. ('देल तिएम्पो' म्हणजे फ्रिजबाहेरचं, हेही तिथंच कळलं.) त्या रात्री वहीतली निळी ओळ खोडली आणि लाल शाईनं तीन शब्द लिहिले: एल आग्वा फ्रीआ. नवशिक्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, नुसतं 'एल आग्वा' पाठ करू नका, हे तिन्ही शब्द एकत्र पाठ करा.

भूकही याच घरातली: 'एल आम्ब्रे', पण 'खूप भूक लागलीय' म्हणताना 'तेंगो मुचा आम्ब्रे'. हे तर रोज लागतं. आत्मा 'एल आल्मा', गरुड 'एल आगिला', वर्गखोली 'एल आउला', सगळे स्त्रीलिंगी.

'हे पाणी' मात्र 'एस्ता आग्वा', 'एस्ते' नव्हे. स्पेनमधली माणसंही सर्रास 'एस्ते आग्वा' म्हणतात, ते ऐकून डळमळू नका. 1713 साली स्थापन झालेली रेआल आकादेमिया एस्पान्योला, म्हणजे स्पॅनिश भाषेचे नियम ठरवणारी संस्था, 'एस्ता'च बरोबर धरते.

आणि हो, स्पेनमध्ये 2022 च्या कायद्यानं हॉटेलांना नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं. 'आग्वा देल ग्रिफो' असं स्पष्ट मागा, नाहीतर विकतची बाटली येते.