अल्बुकर्कीत ऐकलेला ताशा

फिनिक्सहून अल्बुकर्की फ्लॅगस्टाफमार्गे साडेचारशे मैलांच्या वर. पहाटे पाचला निघालो, थर्मासमधला चहा फ्लॅगस्टाफला संपला. गॅलपच्या आसपास लाल कडे दिसू लागले आणि मग सपाट, मोकळं, वाऱ्याचं न्यू मेक्सिको. माझा आतेभाऊ इथे बरीच वर्षं राहतो. त्याचा फोन आला होता, "गिटारवाला सांताना येतोय, तिकिटं काढतोय, तू फक्त ये."

ऑगस्ट अखेर म्हणजे इथला मिरचीचा हंगाम. दुकानांबाहेर लोखंडी जाळीची मोठी पिंपं गॅसच्या जाळावर गरागरा फिरवून हिरव्या मिरच्या भाजतात. साल तडतडतं आणि तो वास थेट आमच्या आजीच्या चुलीपाशी नेऊन सोडतो. जेवायला गेलो तिथे वेटरबाईंनी विचारलं, लाल की हिरवी? दादाने "ख्रिसमस" म्हणून सांगितलं, म्हणजे दोन्ही. त्यावर मध घालून सोपापिया, म्हणजे तळलेली फुगीर पोळी. एवढ्या जेवणासाठीसुद्धा मी परत जाईन.

कार्यक्रम शहराच्या दक्षिणेला, मेसा डेल सोलच्या माळावरच्या खुल्या रंगमंचावर. आम्ही मागे हिरवळीवर सतरंजी टाकली. आजूबाजूला आजी, मुलं, नातवंडं अशी स्पॅनिश बोलणारी अख्खी कुटुंबं. सूर्य कलला तसे पूर्वेकडचे सांदिया डोंगर गुलाबी झाले. सांदिया म्हणजे स्पॅनिशमध्ये कलिंगड. तो रंग पाहिला की नावाचं वेगळं कारण विचारावं लागत नाही.

कार्लोस सांतानाचा जन्म 1947 चा, मेक्सिकोतल्या आउत्लान गावचा. वडील मारियाची वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचे, आणि मुलाच्या हातातही आधी व्हायोलिनच दिलं. गिटार नंतर तिहुआनात आली. मला वाटतं, त्याचा एकेक सूर इतका लांब, गळ्यातून आल्यासारखा येतो तो त्या व्हायोलिनमुळेच. 'सांबा पा ती' सुरू झालं तेव्हा त्याने एक सूर धरला, हळूच वर ओढला आणि तिथेच ठेवला. आपल्याकडे याला मींड म्हणतात. शेजारच्या आजींनी डोळे मिटून घेतले होते.

पण मी तिथे खरं ऐकलं ते वेगळंच. पुण्यात सात वर्षं मी पथकात ताशा वाजवला आहे. 'ओये कोमो वा' सुरू झालं आणि गिटारच्या मागून टिंबालेसचा आवाज आला, तसा मी उठूनच उभा राहिलो. धातूचं उथळ भांडं, वर ताणलेलं पान, हातात बारीक काड्या! वाजवणारा मधूनच पान सोडून भांड्याच्या कडेवर, धातूवरच काड्या चालवत होता, टक्-टक्, टकटक्. मग एकदम पानावर येऊन अशी तर्री, म्हणजे काड्यांचा सलग कडकडाट, सोडली की मी दादाचा दंड धरला. "दादा, अरे हा ताशा वाजवतोय!" दादा म्हणाला, "मग काँगा म्हणजे आपला ढोल समज."

अगदी तसं नाही. ढोल ठोका धरून ठेवतो, काँगा हातांनी वाजतो आणि सतत बोलत असतो. पण ढोल-ताशा काय, काँगा-टिंबालेस काय, दोघांचं नातं तेच, एकाने जमीन द्यायची आणि दुसऱ्याने वर उडायचं. आणि हे गाणं मुळात टिटो प्वेंते यांचं, म्हणजे टिंबालेसच्याच उस्तादाचं. सांतानाने 1970 च्या 'अब्राक्सास' अल्बममध्ये त्यावर इलेक्ट्रिक गिटार आणि ऑर्गन चढवला, पण खालची लय हलवली नाही. 1969 मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात सांतानाचा हा वाद्यवृंद उभा राहिला तेव्हा त्यांचा पहिला अल्बम नुकताच येत होता, लोकांना नावही धड माहीत नव्हतं. तिथे टिंबालेसवर निकाराग्वाचा चेपितो आरेआस होता. लोक त्या दिवसाची गिटार आठवतात. माझ्या मते तो दिवस तालवाद्यांनी जिंकला.

सांताना हे जाणतो. तालवाले रंगात आले की तो गिटार खाली घेऊन बाजूला सरकायचा, मान डोलवत नुसता ऐकायचा. सिंडी ब्लॅकमन, त्याची पत्नी, ड्रम्सवर एकटी वाजवत होती तेव्हा तर तो आमच्यासारखाच श्रोता झाला होता. एवढ्या मोठ्या माणसाने इतकं मनापासून ऐकावं, हे मला फार आवडलं.

'स्मूथ'ला सगळं मैदान नाचलं. बारा आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिलेलं गाणं, नाचणारच.

बाहेर पडताना पार्किंगमध्ये तासभर गाड्या जागच्या हलेनात. पुढच्या पिकअपमधला दहा-बारा वर्षांचा मुलगा खाली उतरला आणि गाडीच्या पत्र्यावर बोटांनी तोच ठेका धरू लागला. मीही उतरलो, दादाच्या गाडीच्या बॉनेटवर दोन बोटांनी ताशाचा हात सुरू केला. त्याने माझ्याकडे पाहिलं, ठेका जरा जलद केला. मी तर्री दिली. त्याचे आजोबा दार उघडून पायरीवर येऊन बसले आणि टाळ्यांनी लय धरू लागले.