बघण्याचे पैसे

गच्ची गळायला लागली की सोसायटीतला प्रत्येक सभासद वॉटरप्रूफिंगचा तज्ज्ञ होतो. कोणी डांबर सुचवतो, कोणी जाहिरातीतला पांढरा रंग, आणि कोणाचा तरी साडू सिडकोत हेच काम करत असल्यामुळे तो सगळे स्वस्तात करून देणार असतो. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या चार मजली इमारतीत ‘आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून गच्ची तपासून घेऊ’ असा विषय सभेत निघाला, तेव्हा पहिली हरकत फीवरच आली. “म्हणजे ते नुसते बघणार आणि त्याचेच पैसे घेणार?” तळमजल्यावरच्या काकांनी विचारले. हेच काका पंचवटीत पत्रिका दाखवून विनातक्रार दक्षिणा ठेवून येतात. पण सिमेंट-लोखंडाचे भविष्य बघायला मोल असावे, हे त्यांना पटत नव्हते.

वास्तविक हा मर्जीचा प्रश्नच नव्हता. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे ३ वर्षांतून एकदा व्हायला हवे. शिवाय गच्चीतून होणाऱ्या गळतीची दुरुस्तीही संस्थेनेच करायची असते, एकट्या वरच्या मजल्यावाल्याने नव्हे. हे वाचून दाखवल्यावर ठराव मंजूर झाला, उत्साहाने नव्हे, पण झाला.

मे महिन्यात आलेल्या इंजिनिअर मॅडम गच्चीवर न जाता आधी वरच्या मजल्यावरच्या घरांत गेल्या, आणि छताचे पोपडे, ओलीचे डाग कागदावरच्या नकाशात मांडत बसल्या. डाग जिथे दिसतो त्याच्या बरोबर वर भोक असणार, असे आपण धरून चालतो. पाणी मात्र विटांच्या तुकड्यांच्या कोब्यात एकदा शिरले की वाट मिळेल तसे सरकत भलत्याच खोलीत उतरते. आमच्याकडे ओल मधल्या बेडरूममध्ये होती आणि तिचे मूळ निघाले सोलर हीटरच्या स्टँडपाशी, जिथे बसवणाऱ्याने कोबा भेदून बोल्ट ठोकले होते. नाशिकच्या गच्च्यांवर हे हीटर घरोघर दिसतात. त्यांचे पाय कशात रुतले आहेत, ते मात्र कोणी वाकून बघत नाही.

मग हातोडी निघाली. मॅडम कोब्यावर वीतभर अंतराने हलके ठोके देत पुढे सरकत होत्या. खणखणीत आवाज आला की पुढे, बद्द आवाज आला, म्हणजे आत पोकळ, की खडूने गोल. पाण्याच्या टाकीजवळ असे गोल इतके दाटीने उमटले की बघणाऱ्यांची बडबड आपोआप थांबली. खाली जिन्याजवळ स्लॅबचा पोपडा निघाला होता, तिथे ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर त्यांनी फिनॉल्फ्थॅलिन, म्हणजे अल्कधर्मी जागी गुलाबी होणारे रसायन, फवारले. आतला भाग गुलाबी झाला, बाहेरचा थर कोराच राहिला. काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे सळई गंजापासून वाचते. हवेतला कार्बन डायऑक्साइड हा गुण बाहेरून आत हळूहळू मारत नेतो, आणि तो सळईपर्यंत पोहोचला की ओलीला मोकळे रान मिळते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे सळई फुगते आणि वरचे काँक्रीट ढकलून देते. आमच्याकडे गुलाबी रंग सळईच्या आधीच सुरू झाला, हे नशीब.

शेवटी पावसाचे पाणी खाली नेणारे पाइप बंद करून गच्चीवर पाणी तुंबवून बघायचे होते. मे महिन्यात एवढे पाणी अडवून ठेवण्यावरून कुरबूर झाली. बोअरचे पाणी वापरले आणि नंतर ते झाडांना सोडले. पाइप उघडल्यावरही एका कोपऱ्यात डबके राहिले, म्हणजे तिथला ढाळच बसला होता. शंभर फुटांना निदान एक फूट उतार हवा, असे मॅडमचे म्हणणे पडले.

अहवालात संपूर्ण गच्ची उखडायला सांगितलेले नव्हते. स्टँडचे पाय, कठड्यालगतची गोलाई, टाकीजवळचा कोबा आणि तो कोपरा, एवढेच काम होते. आदल्या वर्षी ‘फुकट इन्स्पेक्शन’ करून गेलेल्या ठेकेदाराने याच गच्चीसाठी सगळा कोबा काढण्याचा अंदाज दिला होता. जो औषध विकतो त्याच्याकडून निदान करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि मॅडमच्या फीकडे मी याच हिशेबाने बघतो.

कामे मृगाच्या आत उरकली. एक कलम तेवढे बाकी आहे : कठड्याच्या भेगेत उगवलेले पिंपळाचे रोप मुळासकट काढावे, असे अहवाल म्हणतो, आणि पिंपळाला हात कोणी लावायचा, यावर कमिटीत अजून एकमत झालेले नाही.