नाही म्हणजे किती नाही

“मॅडम, इंग्रजीतून भांडायचं कसं?”

दर वर्षी हा प्रश्न विचारणारं कोणी ना कोणी भेटतंच. मराठी माध्यमातून शिकलेलं, वकिलीची नवी सनद घेतलेलं, कोटाची इस्त्रीही अजून न मोडलेलं. बाररूममध्ये मराठीत यांच्या तोंडाला कोणी लागत नाही. इंग्रजीत कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, लिहायला बसले की मात्र कागदावर शिमगा तरी होतो, नाहीतर हेडमास्तरांना लिहिलेला रजेचा अर्ज तरी. तुम्ही विचारलंत म्हणून या खेपेला नीट बसून लिहिते. मीही तुमच्यातलीच, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला एबीसीडी गिरवलेली. यातली बहुतेक प्रत्येक चूक माझी स्वतःची करून झालेली आहे.

पहिली इंग्रजी कैफियत मी 1996 साली लिहिली. दावा हातउसन्या पैशांचा. वादी म्हणतो, 12 मार्चला रोख 40,000 रुपये दिले. आमचा पक्षकार म्हणतो, छदामही घेतला नाही. मी पेटून लिहिलं, ‘धिस इज अ शेमलेस लाय’, आणि पुढे शब्दकोशात सापडली तेवढी विशेषणं. आमच्या सरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “यात पैसे घेतले नाहीत असं कुठं लिहिलंय?”

खरंच नव्हतं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी शहाणी होऊन आले. विशेषणं गेली, एकच वाक्य उरलं: 12 मार्च रोजी रोख 40,000 रुपये घेतल्याचं प्रतिवादी नाकारतो. सर म्हणाले, “बरं. मग 13 तारखेला घेतले का? चेकनं घेतले का? 39,000 घेतले का?” मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहिता पुढ्यात सरकवली. 1908 चा कायदा, आदेश 8, नियम 4. तिथे नेमकं हेच उदाहरण छापलेलं आहे. अमुक रक्कम मिळाली असा आरोप असेल तर तेवढीच रक्कम नाकारून भागत नाही. ती रक्कम किंवा तिचा कुठलाही भाग मिळाला नाही असं म्हणावं लागतं, नाहीतर किती मिळाली ते सांगावं लागतं. अर्धवट नकाराला इंग्रजी वकिलांनी नावच ठेवलंय, ‘निगेटिव्ह प्रेग्नंट’. दिवस गेलेला नकार! वरून नाही, पोटात हो.

शेवटी कैफियतीत जे गेलं त्याची शेपटी अशी होती: ‘दॅट सम, ऑर एनी पार्ट देअरऑफ, ऑन द सेड डेट ऑर ॲट ऑल’. त्या ‘ऑर ॲट ऑल’वर माझा तेव्हापासून जीव आहे. दार लावून झाल्यावर वर कडी घालावी तसं ते आहे. सगळ्या वाक्यात आवाज कुठेच चढलेला नाही, आणि वादीला आत शिरायला फटही नाही.

त्याच पानावर पुढचा नियम 5 आहे, तो मला जास्त भीतीदायक वाटतो. जी गोष्ट नेमकी नाकारली नाही किंवा मान्य नाही असं म्हटलं नाही, ती कबूल धरली जाते. आपल्या घरांमधून राग आला की माणसं गप्प बसतात. माझी आई आठ-आठ दिवस बोलायची नाही, आणि त्या न बोलण्याचा अर्थ घरातल्या मांजरालाही कळायचा. कोर्टाला तो कळत नाही. म्हणून दाव्याचा एकेक परिच्छेद घेऊन प्रत्येकाला तोंड द्यायचं. सुरुवातीला ‘सेव्ह अँड एक्सेप्ट व्हॉट इज स्पेसिफिकली ॲडमिटेड’, नेमकं कबूल केलंय तेवढं सोडून बाकी सगळं अमान्य, असं एक झाडू मारणारं वाक्य सगळेच टाकतात, मीही टाकते. पण त्याच्या भरवशावर झोपू नका.

इथे मराठी माणूस अडखळतो, कारण आपल्या कैफियतींत एक बारा महिने चालणारं वाक्य आहे: ‘सदरचा मजकूर खरा व बरोबर नसून तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.’ कशालाही लावा. इंग्रजीत त्याचे दोन तुकडे करावे लागतात. तुम्ही पैसे घेतले असं समोरचा म्हणतो आणि ते खोटं आहे हे तुम्हाला स्वतःला ठाऊक आहे, तिथे ‘डिनाइड’. वादीच्या आजोबांनी 1962 साली भावाशी तोंडी वाटप केलं असं म्हणतोय, तिथे तुम्ही काय नाकारणार? तुम्ही होता का तिथे? तिथे ‘नॉट ॲडमिटेड’. असेल तर शाबीत कर, मी हो म्हणणार नाही. दोन्ही जागी ‘डिनाइड’ ठोकलंत तर उलटतपासात वकील विचारतो, “तुमचा जन्म कधीचा?” आणि कोर्टात हशा पिकतो. माझ्या पक्षकाराचा पिकलाय.

अर्जाला विरोध करायचा असेल तर आपल्या कोर्टांत ‘से’ द्यायचा असतो, हे तुम्हाला आल्याच आठवड्यात कळलं असेल. न्यायाधीश अर्जावर लिहितात, ‘अदर साइड टु से’. दुसऱ्या बाजूनं म्हणणं मांडावं. मला हा शब्द आवडतो. त्यात भांडण नाही, आरडाओरडा नाही. एकाचं म्हणून झालं, आता दुसऱ्याचं म्हणणं.

आता त्या आदराच्या शब्दांबद्दल, कारण अर्धे लोक तेच विचारतात. समोरच्या वकिलाला ‘माय लर्नेड फ्रेंड’ का म्हणायचं, तो ना मित्र ना विद्वान? तर तो मुखवटा आहे आणि कामाचा आहे. विरोध त्याच्या मुद्द्याला आहे, त्याला नाही, एवढं त्या तीन शब्दांत बसतं, आणि मधल्या सुट्टीत त्याच्याच बरोबर कटिंग पिता येतो. ‘विथ रिस्पेक्ट’ची मात्र गंमत आहे. वकिलांत जुना विनोद आहे: ‘विथ रिस्पेक्ट’ म्हणजे तुमचं चुकतंय, ‘विथ ग्रेट रिस्पेक्ट’ म्हणजे फारच चुकतंय, आणि ‘विथ द अटमोस्ट रिस्पेक्ट’ म्हणजे साहेब, आज तब्येत बरी आहे ना? आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पुण्यातल्या पाट्या वाचून मोठे झालेल्यांना आदरार्थी बहुवचनात किती मारता येतं हे शिकवावं लागत नाही.

साक्षीच्या वेळी विरोध तोंडावर करावा लागतो. साक्षीदार जे बोलला ते तुम्हाला मान्य नसेल तर त्याला तिथेच, पिंजऱ्यात उभा असताना, तसं विचारायचं. नंतर युक्तिवादात अचानक तो खोटारडा ठरवायचा नाही. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं 1893 मध्ये ब्राऊन विरुद्ध डन या प्रकरणात हे सांगितलं, आणि आजही आपल्या तालुका कोर्टापर्यंत ते चालतं. म्हणून प्रत्येक उलटतपास एकाच वाक्यावर संपतो. वकील म्हणतो, “तुम्ही खोटी साक्ष देताय.” शेतकरी म्हणतो, “न्हाई सायेब.” आणि टंकलेखकाच्या यंत्रातून बाहेर येतं: ‘इट इज नॉट ट्रू टु से दॅट आय ॲम डिपोझिंग फॉल्सली.’ त्या बिचाऱ्या ‘न्हाई’चं काय झालं बघा! मराठीत नोंद होते तेव्हाही ‘मी खोटी साक्ष देत आहे असे म्हणणे खरे नाही’. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कोणाचं काय खोटं ते कळायला दोनदा वाचावं लागलं होतं.

कायद्यांची आपसातली भांडणं मी थोडक्यात सांगते, कारण ती वाचायची असतात, करायची नसतात. ‘नॉटविथस्टँडिंग’ दिसलं की समजा हे कलम दंड थोपटून उभं आहे. मराठी कायद्यांत ते ‘काहीही असले तरी’ म्हणून येतं. ‘सब्जेक्ट टु’ म्हणजे दुसऱ्यापुढे मान तुकवलेलं. संविधानाच्या अनुच्छेद 13 मध्ये, मूलभूत हक्कांशी न जुळणाऱ्या कायद्यांसाठी, ‘इनकन्सिस्टंट’ आहे आणि 254 मध्ये, केंद्र आणि राज्याच्या कायद्यांच्या टकरीसाठी, ‘रिपग्नन्सी’. सगळ्याला मराठीत विसंगत म्हणून मोकळे होऊ नका.

एका शब्दाच्या छटेनं काय होतं ते मराठी माणसानं तरी विसरू नये. राजद्रोहाच्या 124अ कलमात ‘डिसॲफेक्शन’ गुन्हा होता, आणि ‘डिसॲप्रोबेशन’ला, म्हणजे सरकारच्या कामावरच्या नापसंतीला, तेच कलम माफी देत होतं. 1897 मध्ये, टिळकांवरच्या पहिल्या राजद्रोह खटल्यात, न्यायमूर्ती स्ट्रेचींनी पहिल्या शब्दाचा अर्थ लावला प्रीतीचा अभाव. सरकारवर प्रेम नाही, एवढ्यावर! 1908 च्या खटल्यात लोकमान्य टिळक स्वतः उभे राहिले तेव्हा त्यांच्या बचावाचा मोठा भाग भाषेचाच होता: केसरीतल्या मराठी शब्दांची सरकारी इंग्रजी भाषांतरं कशी चुकीची आहेत. ज्युरीतले सात विरुद्ध, दोन बाजूनं. 22 जुलैला न्यायमूर्ती दावरांनी विचारलं, काही सांगायचंय का. टिळक जे बोलले ते आज मुंबई उच्च न्यायालयात संगमरवरावर कोरलेलं आहे. सुरुवात अशी: ‘इन स्पाइट ऑफ द व्हर्डिक्ट ऑफ द ज्युरी, आय मेंटेन दॅट आय ॲम इनोसंट.’

मी उच्च न्यायालयात गेले की ती पाटी व्याकरणासाठी वाचते. ज्युरी चुकली असं वाक्यात नाही. न्यायाधीशाबद्दल तर अवाक्षर नाही, आणि हेच दावर 1897 मध्ये वकील असताना त्यांनी टिळकांना जामीन मिळवून दिला होता, म्हणजे टोचायला जागा होती. निकाल आहे, तो असू दे. ‘आय मेंटेन’, माझं म्हणणं कायम. सहा वर्षांच्या शिक्षेच्या तोंडावर इतकं मोजून बोलता आलं पाहिजे.

‘विदाउट प्रेज्युडिस’बद्दल एक विनंती. तडजोडीची बोलणी उद्या कबुली म्हणून आपल्याच अंगावर येऊ नयेत म्हणून ते लिहायचं असतं; 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 23 त्यासाठी होतं. तुम्ही लोक ते चेक न वटल्याच्या नोटिशीवरही लिहिता. जी नोटीस उद्या पुरावा म्हणून आपल्यालाच दाखल करायची आहे, तिच्या डोक्यावर ते लिहून काय मिळतं?

‘अंडर प्रोटेस्ट’चं, म्हणजे ‘तक्रार राखून’चं, मात्र वेगळं आहे. ते विसरायचं नाही, हे मी जरा चिडूनच सांगते.

आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची, दीड एकर जमीन 1974 साली कालव्यात गेली. निवाडा झाला, मोबदला ठरला. कमी होता हे सगळ्या गावाला माहीत होतं. आजोबा महिनाभर चावडीवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, जिथं माणूस भेटेल तिथं सरकारच्या नावानं बोटं मोडत होते. मग पैसे वाटपाची तारीख आली, ते गेले, रांगेत उभे राहिले आणि पैसे उचलून आले. 1894 च्या भूसंपादन कायद्यात कलम 31 होतं: तक्रार राखून न घेता ज्यानं रक्कम उचलली, त्याला कलम 18 खाली वाढीव मोबदला मागता येत नाही. शेजारच्या गटाच्या मालकाचा भाचा शहरात कारकून होता. त्यानं मामाच्या पावतीवर दोन शब्द लिहायला लावले. त्यांना काही वर्षांनी कोर्टातून वाढीव दर मिळाला. अर्ज न केलेल्यांनाही त्या दरानं मागायची वाट देणारं 28अ हे कलम कायद्यात आलं 1984 मध्ये. त्यात अर्ज केला नसला तरी, म्हणून एक ‘नॉटविथस्टँडिंग’ आहे. आजोबा 1981 ला गेले होते.

ती पावतीची नक्कल माझ्या टेबलाच्या खणात असते. ‘रक्कम रोख पावली’, खाली अंगठा. ओळ आणि अंगठा यांच्यामध्ये साधारण दोन बोटं जागा कोरी आहे.