कोरं बोट

शुक्रवार, 22 नोव्हेंबर 2024. रात्र.

खोटं बोलायची काही गरज नव्हती. कालपासून तेवढंच डोक्यात फिरतंय.

काल गाडीत, मुंब्रा गेल्यावर, मंगलने फोन काढला. "बोटं वर करा गं, ग्रुपवर टाकते." सगळ्यांची डावी बोटं वर. माझ्या डाव्या हातात डबा. तो मांडीवर ठेवता आला असता, नाही ठेवला. "तुझं कुठाय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी गेली गं शाई. काल केवढी भांडी घासली."

"भांडी घासून जायला ती काय मेंदी आहे?"

हशा. मग आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमनी तासच घेतला. त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हैसूरच्या कारखान्यात बनते, 1962 च्या निवडणुकीपासून लावतात, नख वाढून पुढे सरकतं तेव्हा कुठे जाते. मी मान डोलवत ऐकत होते. ठाणं यायला एवढा वेळ कधी लागला नव्हता.

"मी मत दिलं नाही." चार शब्द. का नाही म्हणता आले? बुधवारी सकाळी अप्पांना तर ताठ मानेने सांगितलं होतं, या वेळी मी येत नाही. अप्पा काही बोलले नाहीत. चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली, काठी घेतली आणि निघाले. घरी येऊन मत घेतात ते 85 च्या पुढच्यांचं. अप्पा 81 चे. "चार वर्षं थांबू का मग?" म्हणाले होते चिनूला. परत आल्यावर बोट दाखवलंसुद्धा नाही त्यांनी. दाखवलं असतं तर भांडता आलं असतं.

आणि माझ्याकडे कारण नाही असं थोडंच आहे. 21 ऑक्टोबर 2019 ला शाळेच्या व्हरांड्यात पाऊण तास उभी होते मी. 24 ला निकाल, मग महिनाभर सरकारच नाही, मध्येच राष्ट्रपती राजवट. 23 नोव्हेंबरला चहा घेऊन टीव्ही लावला तर पहाटेच शपथविधी उरकलेला. तो संसार चार दिवसांचा. मग शिवाजी पार्कवर दुसरा शपथविधी. मग 2022 ला सुरत, गुवाहाटी, तिसरा. 2023 च्या जुलैत आणखी काही जण तिकडे जाऊन बसले. मी कोणाला मत दिलं होतं ते इथे लिहीत नाही, लिहून फरकही पडत नाही. ज्यांना ज्यांना द्यायचं नव्हतं त्या प्रत्येकाच्या मांडीला मांडी लावून माझं मत त्या पाच वर्षांत बसून आलं. आणि आता परत तीच माणसं हात जोडून दारात. मला विचारलं होतं का कोणी, जाताना?

रडूच आलं हे लिहिताना. मूर्खपणा.

नवरा म्हणतो, नोटा दाबायचंस. 2013 ला सुप्रीम कोर्टाने ते बटण दिलं, ठीक. 2019 ला लातूर ग्रामीणमध्ये नोटाला 27 हजारांवर मतं पडली, दुसरा नंबर. आमदार व्हायचा तो झालाच. नोटा पहिली आली असती तरी विधानसभेत दुसऱ्या नंबरचा माणूसच गेला असता. रुसायचंच तर त्यासाठी रांग कशाला लावू? घरी रुसते.

काल रात्री मात्र राहवेना. चिनूचं पुस्तक काढलं. पहिल्याच पानांत मूलभूत कर्तव्यं असतात, 51 क. बोट ठेवून वाचली, अकराच्या अकरा. राष्ट्रध्वजाचा आदर आहे, नद्या-सरोवरं आहेत, मुलांना शिकवणं आहे. मतदान नाही! कुठेच नाही! पाच मिनिटं मी अगदी खुशीत होते. मग लक्षात आलं की गाडीत खोटं बोलू नये हेही त्यात नाही.

कर्तव्य नव्हतंच, तर मी बोट लपवलं कशाला?

आणि एक गोष्ट आहे, ती नवऱ्याला सांगणार नाही. आमच्याकडे 2020 पासून नगरसेवकच नाहीत. निवडणूकच झालेली नाही, प्रशासक आहेत. आधीचे आमचे नगरसेवक, काय बोलायचं त्यांच्याबद्दल, चार नावं ठेवल्याशिवाय आम्ही त्यांचा विषय काढत नसू. पण ऑगस्टमध्ये गटाराचं पाणी जिन्यात आलं तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचीच आठवण आली. जुन्या नंबरवर फोनही केला. "ताई, मी आता कोणीच नाही हो," म्हणाले. खरंच वाईट वाटत होतं त्यांना, की आवाज तसा काढला कोण जाणे. शिव्या द्यायलासुद्धा माणूस निवडून द्यावा लागतो हे तेव्हा कळलं, आणि नोव्हेंबरपर्यंत मी ते विसरलेही.

असो.

पुस्तक दप्तरात परत ठेवताना कंपासपेटीत मार्कर दिसला. म्हटलं, बघू तरी कसं दिसतं. नखाच्या मुळाशी एक रेघ ओढली, थोडी कातडीवर उतरवली. अप्पांच्यासारखीच दिसत होती, जरा काळी जास्त. दिव्याखाली धरून कितीतरी वेळ बघत बसले, पंचेचाळीस वर्षांची बाई. मग लाज वाटून मोरीत गेले आणि तारेच्या घासणीने घासली. बरीचशी गेली.

आज सकाळी गाडीत मंगलने माझा हात ओढून घेतला. नखाच्या कडेला काळं राहिलं होतं, तिथे नीट वाकून पाहिलं.

"बघ, आहे की अजून. म्हटलं नव्हतं, भांड्यांनी जात नाही म्हणून?"

मी म्हटलं, "हो ना."

उद्या आठला मोजणी सुरू होईल. अप्पांनी टीव्हीसमोर दोन खुर्च्या आत्ताच लावून ठेवल्यात.