तुम्ही विचारलंत म्हणून: बेळगावात नोकरी, मग लोंढ्यात का राहता?

"मॅडम, तुम्ही रोज लोंढ्यातनं येतासा?" कारखान्यात नवीन कुणी लागलं की पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न येतो. 'येतासा'च्या पुढं एक न बोललेलं 'कशाला' असतं. पुण्याचे पाहुणे ते बोलून दाखवतात. "बेळगावात एखादा फ्लॅट घे की गं. रोजचे शंभर किलोमीटर, वय काय तुझं आता!" मी प्रत्येकाला वेगवेगळी उत्तरं देत आले. घरभाडं, आईचं वय, लोंढ्याची हवा. सगळी खरी, खरं (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात, सवय करून घ्या) एकही पुरं पडत नाही.

आधी हिशेब, कारण माझं कामच ते. उद्यमबाग म्हणजे बेळगावची औद्योगिक वसाहत, तिथल्या एका फाउंड्रीत मी १९९९ पासून हिशेब बघते. लोंढा म्हणजे खानापूर तालुक्यातलं रेल्वे जंक्शनचं गाव, तिथनं बेळगाव सुमारे ५० किलोमीटर. मधे गुंजी, खानापूर, इदलहोंड, देसूर. देसूर सुटलं की गाडी उद्यमबागेच्या अंगावरनंच जाते. खिडकीतनं शेडची पत्र्याची छपरं दिसतात, भट्टीचा वास येतो. खरं थांबायची सोय नाही. तिसरं गेट, दुसरं गेट, पहिलं गेट अशी बेळगावातली रेल्वे फाटकं करत ती मला स्टेशनात नेऊन सोडते आणि मी सिटी बस धरून तेवढीच वाट उलटी येते. इतकी वर्षं मी रोज कामावरनं पुढं जाऊन मग कामावर येते. यात शहाणपण काही नाही, मला मान्य आहे.

लोंढ्यात चढलं की बसायला मिळतं, खानापुरात चढणाऱ्याला नाही. आमच्या गाडीतली जातपात एवढीच. खानापुरात डबा एकदम भरतो: मास्तर, बँकवाले, कॉलेजची पोरं, उद्यमबागेत पाळीवर निघालेले कामगार, आणि बुट्ट्या (टोपल्या) घेतलेल्या बाया. त्या बुट्ट्यांवरनं महिना सांगता येतो. मे महिन्यात करवंदं आणि जांभळं, पावसाळ्यात अळंबी, मग फरसबी, काकडी. बेळगावच्या बाजारात जो भाव व्हायचा तो व्हायचा, अळंबीची निम्मी बुट्टी देसूर यायच्या आत डब्यातच संपते. "एवढं महाग कुठं असतंय काय गे?" "मग तू जा की जंगलात." असं रोज. मलप्रभेच्या पुलावर मात्र भाव करणारीसुद्धा क्षणभर गप्प होते. कुणीतरी एक रुपया पाण्यात टाकतं. पावसाळ्यात नदी तांबडी असते, खानापूरच्या कौलांच्या आणि माठांच्या रंगाची.

रस्त्यानं बसही आहे. माझी आई मात्र बसमध्ये बसायला राजी नसते आणि त्याचं कारण मला उशिरा कळलं. आमच्याकडच्या बहुतेक बसच्या पाट्या कन्नडमध्ये, आकडेसुद्धा कन्नड. आईला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. स्टँडवर प्रत्येक बसला "ही कुठं जाती हो?" विचारावं लागतं, आणि विचारायचा तिला भारी कमीपणा वाटतो. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर मात्र कन्नड, हिंदी, इंग्रजी तिन्ही. आईला ती मधली पाटी मराठीच वाटायची. "बघ, सरकारनं तेवढं तरी आमच्यासाठी लिवलंय," असं ती म्हणायची. ती हिंदी आहे हे मी तिला कधी सांगितलं नाही. आमच्या पाटीवर 'ढ'च्या जागी 'ड' आहे, ते तिला रंगाऱ्याचं अज्ञान वाटतं.

आता गावाचं. लोंढा रेल्वेनं वसवलं म्हटलं की जुनी माणसं रागावतात. गाव आधीपासनं होतं म्हणतात. असेल. जंक्शन नव्हतं एवढं नक्की. आणि जंक्शन तरी आमच्या सोयीसाठी थोडंच झालं? १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. पोर्तुगिजांकडं गोव्यातलं मुरगावचं बंदर होतं, माल नव्हता. इंग्रजांकडं धारवाड-हुबळीचा कापूस होता, तो समुद्रापर्यंत न्यायची धड वाट नव्हती. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. घाटाखालनं पोर्तुगीज हद्दीतली दुसरी कंपनी रूळ टाकत वर आली आणि १८८८ च्या सुमारास दोघींची गाठ घाटमाथ्यावर, गोव्याच्या हद्दीजवळच्या कॅसलरॉकला पडली. मिरज-बेळगावकडची लाईन या वाटेला जंगलात जिथं येऊन मिळाली, ते आमचं लोंढा. घाटाखालच्या कंपनीला आपला गाडा झेपेना, म्हणून १९०२ मध्ये तिची लाईनही चालवायला सदर्न मराठाकडंच आली. 'दक्षिण मराठा मुलूख' म्हणजे हाच आपला सगळा भाग. हे कंपनीचं नाव सीमाप्रश्नात पुरावा म्हणून लावावं असं आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, निम्मं चेष्टेत, निम्मं नाही.

आप्पा पॉइंट्समन, म्हणजे गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारे. मिरजेजवळच्या एका खेड्यातनं १९७१ मध्ये लोंढ्यात आले, ते ड्युटीच्या एका पत्र्याच्या पेटीसकट. त्यांच्या बोलण्यात घाटाला फार मान. कॅसलरॉक ते घाटाखालचं कुळे २६ किलोमीटर, ३७ फूट पुढं जावं तर १ फूट खाली, गाडीला जादा इंजिनं लावल्याशिवाय चालायचंच नाही. "उतरताना जास्त भ्या," ते सांगायचे. "चढताना इंजिन दमतंय, उतरताना माणूस." १९५५ मध्ये गोव्याची गाडी बंद झाली आणि गोवा पोर्तुगिजांकडनं सुटल्यावर पुन्हा चालू झाली. ते दिवस त्यांनी पाहिलेले नव्हते, पण रेल्वेतल्या जुन्या खलाशांकडनं ऐकून ते असे सांगायचे जणू कॅसलरॉकला पासपोर्ट बघायला स्वतःच उभे होते.

मी १९७६ मध्ये क्वार्टरमध्ये जन्मले. शेजारी तेलुगू गार्ड, पलीकडं कोकणी बोलणारे ख्रिस्ती ड्रायव्हर, मागच्या ओळीत धारवाडकडची कानडी माणसं. नाताळात आमच्याकडं केक यायचा, दिवाळीत आमच्याकडनं चकल्या जायच्या. इथवर सगळेच सांगतात, आणि ते फार गोड होतं. खरं बोलायचं तर कॉलनीत भाषेची भिंत नव्हती, हुद्द्याची होती. साहेबांचे बंगले झाडीत, स्टेशन मास्तरांची घरं हमरस्त्याला, आणि गँगमन लोकांच्या खोल्या पार शेवटी, जिथं सगळ्यांना मिळून नळ एक. आई पाण्याला कुठल्या नळावर जायची त्यावरनं आमची पायरी ठरायची.

एक गोष्ट मात्र मला दुसरीकडं कुठं मिळाली नाही. कॉलनीत "मूळ गाव कुठलं?" असं कुणी विचारायचं नाही. सगळेच दुसऱ्या गावचे, मग विचारणार कोण कुणाला? "तू कुणाची?" याचं उत्तर "पॉइंट्समनची, मागची लाईन" एवढ्यावर भागायचं. सीमाभागात न वाढलेल्या माणसाला यातलं सुख सांगून कळणार नाही. आमचा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासनं १ नोव्हेंबरला एका बाजूला राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसऱ्या बाजूला काळ्या दिनाची फेरी. बेळगावात, खानापुरात दुकानात शिरलं की पहिल्या वाक्याआधी मनात ठरवावं लागतं, कुठल्या भाषेत तोंड उघडायचं. आमच्याकडं १ नोव्हेंबरला ड्युटी असायची. आप्पांचं मत पक्कं महाराष्ट्राचं होतं, शेजारच्या कानडी मास्तरांचं पक्कं कर्नाटकाचं. दोघांची पाळी एकच असेल तर डबा मात्र एकत्र उघडायचे. त्या दिवशी वाद नको म्हणून बोलायचेच नाहीत, एवढंच.

मग नव्वदच्या दशकात मोठे रूळ आले. मीटर गेजची ती हलणारी, बुटकी गाडी गेली. तिच्यातनंच मी कॉलेज केलं होतं. काम चालू होतं तेव्हा आम्ही बसनं धक्के खात जायचो आणि म्हणायचो, एकदा मोठी लाईन होऊ दे, मग लोंढ्याचं नशीब बघा. ती झाली, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली. मुंबईचा जो माणूस मिरजेला गाडी बदलून, लोंढ्याचा चहा पिऊन गोव्यात उतरायचा, तो रत्नागिरीकडनं परस्पर जायला लागला. ज्या कामासाठी लोंढा झालं होतं, त्यातलं बरंच असं हातातनं गेलं. गाड्या अजून भरपूर जातात, दुधसागर बघणाऱ्यांनी भरलेल्या तर खूपच. उतरणारा माणूस मात्र कमी झाला, आणि सकाळी चढणारा वाढला. रेल्वेत लागायचं म्हणून जिथं माणसं यायची, तिथनं आता रेल्वेत बसून दुसरीकडं कामाला जातात. आमच्या गल्लीतल्या अकरा घरांत आज रेल्वेचा पगार एका घरात येतो, पास मात्र सात घरांत आहे.

आप्पा २००१ मध्ये रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं. मिरजेकडं जावं तर तिथल्या भावकीत आम्ही 'लोंढ्याचे', घरात आमच्या वाट्याची एक खोली आणि तिच्यातही भावाचं भुसकट. आप्पा चार दिवस जाऊन आले आणि आल्यावर त्यांनी क्वार्टरपासनं दोनशे पावलांवर दोन गुंठे जागा घेतली. कागदपत्र सगळी कन्नड. आप्पांनी ती त्या कानडी मास्तरांकडनं ओळ न् ओळ वाचून घेतली आणि मग सही केली. खाली सही मराठीत. तेच हे घर. मागं एकदा विकून बघावं म्हटलं, तर एजंटानं जाहिरातीत लिहिलं, 'स्टेशनपासून पाच मिनिटं'. लोंढ्यात स्टेशनपासून पाच मिनिटांवर नसलेलं घर त्यानं दाखवावं.

२०२० मध्ये गाड्या बंद पडल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजरचं सगळ्यात कमी तिकीट १० रुपयांचं ३० झालं होतं, पासही लगेच चालेना. ते पुन्हा १० वर यायला २०२४ उजाडलं. तेवढी वर्षं बुट्टीवाल्या बायांनी टेंपो केले. त्यातल्या काही परत आल्याच नाहीत. मी तेव्हा बेळगावात सात महिने खोली घेऊन राहिले. खोली चांगली होती, नळाला पाणी होतं. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी मिरजेचं सांगितलं, लोंढ्याचं सांगितलं, जन्माचं सांगितलं. "म्हणजे नक्की कुठल्या?" म्हणाल्या.

माझी मुलगी आता पुण्यात शिकते. हॉस्टेलवर पहिल्या दिवशी तिनं गावाचं नाव सांगितलं तर पोरी हसल्या. त्यांनी 'लोंढा' हा शब्द फक्त 'परप्रांतीयांचे लोंढे' असाच ऐकलेला. कर्नाटकातनं आलीय म्हटल्यावर तर जास्तच हसल्या, आणि वर विचारलं, "मग मराठी इतकं छान कसं बोलतेस?" पोरगी फोनवर रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आई, मी सांगितलं त्यांना, आमच्या गावाचं नावच आहे ते, पाटी लावून बसलोय आम्ही." तिच्या फॉर्मवर 'मूळ गाव' असा एक रकाना होता. त्यात तिनं आजोबांचं खेडं घातलं नाही, लोंढाच घातलं. मला विचारलंसुद्धा नाही.

आमच्या फाउंड्रीचे मालक भले आहेत. मध्यंतरी परत म्हणाले, "मॅडम, तिसऱ्या गेटाजवळ एक खोली आहे ओळखीची, बोलू काय?" मी म्हटलं, एवढा पावसाळा जाऊ दे. हे मी त्यांना २००३ पासनं सांगतेय.