वहिनींच्या दिवाणाखाली

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात मी अकरा वर्षं बिलं फाडली आणि कीर्द लिहिली. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा काम सोडलं, ते सुटलंच. आता घरी साड्यांना फॉल-पिको करते. महिन्याला दोन-अडीच हजार सुटतात, गणपती ते दिवाळी थोडे जास्त. पोराच्या अकरावीची फी तोंडावर आली तेव्हा चार बायकांत बोलून गेले, की घरबसल्या अजून काहीतरी बघायला पाहिजे. एवढं वाक्य ऐकायला टपलेलं एक तरी माणूस प्रत्येक गल्लीत असतं. आमच्या मंगळवार पेठेच्या गल्लीत त्या शेजारच्या वहिनी.

दुसऱ्याच दिवशी दुपारी दोनला, मी नुकतं अंग टाकलेलं, तर बेल. हातात पिशवी, पिशवीत भांड्याचं लिक्विड, केसाचं तेल, साबण आणि प्रोटीनचा डबा.

"अगं, ह्यात बॉस नाही, वेळेचं बंधन नाही. मला बघ की, सात महिन्यांत कुठं पोचलो मी!"

कुठं पोचल्या ते मी विचारलं नाही. वहिनी मनानं चांगल्या आहेत. 2019 च्या पुरात माझ्या माहेरची माणसं आमच्याकडं आली होती, तेव्हा त्यांनी आठ दिवस दोन्ही वेळची भाकरी थापून दिली होती. म्हणून रविवारी त्यांच्याबरोबर ताराराणी चौकाजवळच्या एका हॉलमध्ये मीटिंगला गेले. तिकीट 150 रुपये. ते वहिनींनी भरलं, आणि मला पहिल्यांदा खटकलं ते हेच. गिऱ्हाईक आणायचं ते आणायचं, वर त्याचं तिकीटही आपणच काढायचं?

स्टेजवर एक साहेब. मे महिना, हॉलचा एसी बंद, आणि अंगात कोट. मला त्यांची काळजीच वाटत होती. "तुम्ही फक्त पाच माणसं आणा. त्या पाचांनी पाच-पाच आणायची. बास!" टाळ्या पडल्या. मी माहितीपत्रकाच्या मागं मांडत बसले, अकरा वर्षांची खोड. पाच, पंचवीस, सव्वाशे, सहाशे पंचवीस... आठव्या पायरीला 3,90,625. नवव्या पायरीला 19,53,125. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या कोल्हापूर शहराची वस्ती 5 लाख 49 हजार होती, जिल्ह्याची 38 लाख 76 हजार. म्हणजे नवव्या पायरीवरच शहर संपतं, तान्ही पोरं आणि म्हातारी माणसं धरून. दहाव्या पायरीला तर पाऊण कोटीच्याही वर, 97 लाख. तेवढी माणसं आणायची कुठून, शाहूवाडीच्या जंगलातून?

शेजारच्या बाईंनी माझा कागद बघितला आणि हळूच म्हणाल्या, "इथं लिहू नका, सरांना आवडत नाही." त्या स्वतः मात्र वहीत साहेबांचं वाक्य न वाक्य उतरवून घेत होत्या.

तरी मी तिथंच नाही म्हटलं नाही. टपरवेअरचे डबे माझ्याही फडताळात आहेत, आणि ते विकून बायकांनी चार पैसे मिळवलेले मी बघितलेत. घरोघरी माल विकणं ह्यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच, की पैसा मालातून येतो की माणसांतून.

घरी येऊन मोबाइलवर करार उघडला. अकरा पानं. वहिनींनी तो कधी उघडलाच नव्हता, "सरांनी माझ्या मोबाइलवर ओके केलं होतं" म्हणाल्या. डिसेंबर 2021 मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रानं थेट विक्रीचे नियम काढलेत. सामील होणाऱ्याकडून प्रवेश फी घ्यायची नाही, आणि माणसं भरती करण्यावर पैसे वाटणारी पिरॅमिड योजना चालवायची नाही, हे त्यात आहे. माणसांच्या साखळीवर पैसा फिरवण्याला बंदी घालणारा कायदा तर त्याच्याही कितीतरी आधीचा, 1978 चा. ह्या कंपनीच्या करारात फी नव्हतीच. पण सव्वीसाव्या कलमात बारीक अक्षरात असं, की महिन्याला 50 पॉइंटांची खरेदी झाली नाही तर त्या महिन्याचं कमिशन मिळणार नाही. एक पॉइंट साधारण 50 रुपयांचा. म्हणजे महिन्याला 2,500. फॉल-पिकोची माझी अख्खी कमाई.

नियमांत असंही आहे, की विकायला जाणाऱ्यानं ओळखपत्र बाळगायचं आणि आधी विचारल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. हे वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, "मग तुझ्याकडं यायला अर्ज लिहू का आता?"

मग मी माझ्या पद्धतीनं बघायचं ठरवलं. वहिनींकडून चार वस्तू चार दिवसांसाठी मागून घेतल्या, आणि बारा घरी गेले. सहा गल्लीतली, तीन शाळेच्या ग्रुपमधली, तीन फॉलच्या साड्या देणाऱ्यांची. धंद्याचं नाव काढलं नाही. किंमत सांगितली आणि एवढंच विचारलं, की हे संपल्यावर परत घ्याल का. भांड्याच्या लिक्विडची एमआरपी 320. लक्ष्मीपुरीत सुटं लिक्विड कॅनवर मिळतं, ते निम्म्याहून स्वस्त पडतं, आणि हे आमच्या गल्लीतल्या बायका मला सांगण्याआधी मी स्वतःच तेच आणते. बारा घरांतून ऑर्डर आली एक, केसाच्या तेलाची, तीही कोपऱ्यावरच्या काकूंची. पैसे देताना त्या म्हणाल्या, "तू आलीस म्हणून हो." ओळखीतला माणूस एकदा घेतो. दुसऱ्यांदा घेतो ते फक्त माल आणि भाव बघून, आणि दुसऱ्यांदा घेणारं एकही घर मला सापडलं नव्हतं.

हे वहिनींना सांगायला गेले तर त्यांना राग आला. साहजिक होतं. "तुला विकता येत नाही म्हणून माल वाईट होतो का?" मी म्हटलं, बरोबर आहे, मग तुमचंच बघू की. दुधाचा हिशेब असतो ते कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि पानाच्या मागच्या बाजूला लिहायला बसलो. चहा झाला. सात महिन्यांचे मेसेज त्यांनी उघडले.

पहिली खरेदी 9,600 ची. नंतर महिन्याला 2,500 प्रमाणे सात महिने, 17,500. एकूण 27,100. त्यातला घरी वापरला तो माल साधारण 7,000 चा. नमुना म्हणून फुकट वाटला 1,400 चा. बाहेर विकला 8,400 ला. त्यांना तो वीस टक्के कमी भावानं पडतो, म्हणजे खरेदी 6,720 आणि सुटले 1,680. त्यातही 1,150 उधारी, आणि उधारीवाली त्यांची सख्खी नणंद, म्हणजे ते आलेच. कमिशन बँकेत जमा झालं ते 3,240. आत्तापर्यंत वहिनी हाच आकडा सगळ्यांना सांगत होत्या.

मग खर्चाची बाजू. ती त्यांनी कधी लिहिलीच नव्हती. महिन्याला दोन मीटिंगा, सात महिन्यांच्या 2,100. पुण्याच्या सेमिनारला बसनं गेल्या-आल्या, जेवणासकट 1,400. स्कूटीचं पेट्रोल आम्ही 900 धरलं, जास्तच असेल. फुकट वाटलेले 1,400. मिळाले 4,920, गेले 5,800.

वहिनी बराच वेळ कॅलेंडरकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "आणि उरलेला माल?"

मी वजाबाकी करून ठेवली होती, 11,980. पण त्या उठल्या, दिवाणाची चादर वर केली आणि खोके एकेक बाहेर ओढायला लागल्या. साबणाचे तीन, तेलाचे दोन, प्रोटीनचे पाच डबे. एका खोक्याच्या तळाशी ओल आली होती. लिक्विडची एक बाटली गळून सगळे साबण चिकट झाले होते आणि खोलीभर लिंबाचा वास सुटला. प्रोटीनच्या डब्यांवरची तारीख वाचायला त्यांनी चष्मा लावला. दोन डबे पुढच्याच महिन्यात संपणार होते. प्रत्येक डब्याची एमआरपी 1,850.

"दादांना माहीत आहे?" मी विचारलं.

"ह्यांना वाटतं, खाली गाद्या आहेत."

करारात माल परत घेण्याचं कलम होतं, ते मी वाचून दाखवलं. खरेदीपासून तीस दिवसांत, सील न फोडलेला, विकता येण्याजोगा. त्यात बसत होता फक्त गेल्या महिन्याचा खोका. साखळीत वहिनींच्या वरच्या पायरीवर असलेल्या ताईंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, परत दिलंस तर तुझी रँक जाईल. वहिनींनी स्पीकर बंद केला आणि बाल्कनीत जाऊन बोलल्या. आत आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण म्हणाल्या, "पाठव म्हणे, बघू काय करायचंय ते." पैसे तटवले तर ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन करायचा असं आम्ही ठरवलं होतं. करावा लागला नाही. पाच आठवड्यांनी कुरियरचा खर्च कापून 2,310 रुपये जमा झाले.

मी काही सामील झाले नाही. पोराची फी भिशी उचलून भरली, आणि फॉल-पिकोचा दर साडीमागं दहा रुपयांनी वाढवला. गिऱ्हाईक तुटेल अशी भीती होती, दोनच तुटली.

वहिनी मीटिंगांना जायच्या थांबल्या, पण ह्या विषयावर आम्ही दोघी पुन्हा बोललो नाही. मध्ये दीडेक महिना त्या माझ्याकडं दुपारी आल्याही नाहीत. संक्रांतीला मात्र हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. गेले, तर दिवाणावर नवी चादर आणि ताटात वाण म्हणून केसाच्या तेलाच्या बाटल्या, प्रत्येकीला एक, वर तिळगुळाची पुडी. कोपऱ्यावरच्या काकूंनी बाटली फिरवून बघितली.

"हे तेच की गं तेल! चांगलं आहे हां. आता केवढ्याला?"

वहिनींनी माझ्याकडं बघितलं, आणि काकूंच्या ओटीत अजून एक बाटली टाकली. "असू दे हो काकू, घ्या की. खाली अजून आहेत."