भर धारेत बोटीचं इंजिन दम सोडतं तेव्हा

पावसाळ्याच्या तोंडावर आमची पोरं बचावाच्या बोटी कृष्णेत टाकून बघतात, सांगलीजवळ हरिपूरच्या संगमाकडं, आणि कुठलं ना कुठलं इंजिन नेमकं धारेत गेल्यावर ढेपाळतं. घाटाला लावलेलं असताना आवाज एकदम गोड, पण माणसं बसली, थ्रॉटल खोलला की दम जातो. मग लगेच कोणीतरी पाना घेऊन कार्बोरेटर खोलायला बसतो. माझं म्हणणं आहे पाना खाली ठेवा आणि आधी ऐका, शक्ती जाताना इंजिनचा आवाज वाढतोय का खाली बसतोय, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. (धारेत असाल तर त्याच्याही आधी नांगर टाका, वाहत जाणाऱ्या बोटीत कसलं निदान होणार.)

आवाज वाढतोय पण बोट ओढत नाही, म्हणजे इंजिन ठीक आहे, गडबड पाण्यातल्या पंख्याकडं, म्हणजे प्रोपेलरकडं. इंजिन बंद करून, किल-स्विचची (इंजिन तोडणाऱ्या बटणाची) दोरी काढून मगच पंखा वर उचलून बघा. आपल्या नदीत जलपर्णी, साडीचे तुकडे, तुटलेली जाळी काहीही गुंडाळलेलं असतं. पंखा साफ निघाला तर आतला रबरी बुश घसरतोय का बघायचं. मार्करनं मधल्या भागापासून पंख्यापर्यंत एक सरळ रेघ मारा, लोडवर चालवून आणा, रेघ तुटून सरकलेली दिसली की बुश गेला.

आवाजच खाली बसत असेल तर बहुतेक वेळा पेट्रोल पोचत नाही. यंदा आमच्याकडं हेच झालं. टाकीतनं इंजिनला पेट्रोल नेणाऱ्या पाइपवरचा रबरी फुगा दाबला की इंजिन जरा उचलायचं, परत बसायचं, आणि फुगा बघितला तर पिचकलेला. फुगा पिचकला म्हणजे अडथळा फुग्याच्या मागं, टाकीच्या बाजूला, मग कार्बोरेटरला हात कशाला लावायचा? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघितला, तो उघडाच होता. मग टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतलं तर खाली वेगळाच थर, आणि टाकीतली जाळी चिकट गाळानं भरलेली. गेल्या सीझनचं पेट्रोल तसंच पडून होतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं, आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल त्यात जातं याचा मला आनंदच आहे, पण इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून तळाला बसतात, आणि टाकीतली नळी बरोबर तळातनंच ओढते. टाकी धुतली, जाळी साफ केली, ताजं पेट्रोल भरलं, इंजिन पहिल्यासारखं.

फुगा कडक असेल आणि तरी मिस मारत असेल तर प्लग काढून बघा, एक ओला काळा आणि दुसरा तपकिरी असेल तर एक सिलेंडर काम करत नाहीये.

अलार्म वाजून इंजिन स्वतःच आरपीएम (फेरे) पाडत असेल तर अजिबात रेटू नका, बऱ्याच नव्या इंजिनात गरम झाल्यावर तशी सोयच असते. मागून पाण्याची बारीक धार पडते ती बघा, पुराच्या गाळानं ते भोक बुजतं, तारेनं मोकळं करा. तरी धार नाही आली तर पाणी ओढणारा रबरी इम्पेलर खराब झालाय.

सांगलीच्या आयर्विन पुलावर ४५ फुटाला धोका पातळी, २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलेलं. तसल्या पाण्यात दहा माणसं बसवून इंजिन बसलं तर काय होईल हे सांगलीकराला सांगायला नको. म्हणून ज्यांच्या गावात बोट आहे त्यांनी ती आत्ताच पूर्ण वजन घालून, धारेच्या उलट, थ्रॉटल पूर्ण खोलून चालवून बघा. पाण्याच्या ड्रममध्ये चालू करून बघण्यात काही अर्थ नाही, तिथं इंजिन पेट्रोलच एवढं कमी ओढतं की गाळ भरलेली जाळीसुद्धा पुरून उरते.